व्हेपोरायझरच्या काचेच्या नळ्या: भोकाची रुंदी सोडा, टोकं आणि जोड तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ड्राय हर्ब व्हेपोरायझरच्या, म्हणजे सुकी वनस्पती न जाळता तापवून तिची वाफ ओढायच्या उपकरणाच्या, काचेच्या नळ्यांची (स्टेमची) तुलना करणारा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत आणि लेखकाने त्या खरोखर वापरून पाहिल्या आहेत हे कळतं. पण गुण दिले आहेत ते मुख्यतः तीन गोष्टींवर: भोक किती रुंद, काच किती जाड आणि रंगकाम किती देखणं. एका रसायनशास्त्र विभागाच्या वर्कशॉपमध्ये मी ग्लासब्लोअर होतो. नळ्या तापवणं, वाकवणं, एकमेकींना जोडणं यातच नोकरी गेली. कंडेन्सर, ट्रॅप, व्हॅक्यूम लाइन हे रोजचं काम. कंडेन्सर म्हणजे वाफ गार करून तिचं द्रव करणारी काचेची नळी; व्हेपोरायझरची स्टेम ही त्याचीच धाकटी बहीण आहे. त्यामुळे त्या तीन निकषांबद्दल चार शब्द लिहावेसे वाटले. चाराचे जास्त होतील. कात्री आपल्या हातात आहेच.

लेख मला आणून दिला तो पुतणीने. तिला सुक्या सुगंधी वनस्पतींची वाफ घ्यायला आवडतं; लॅव्हेंडर, कॅमोमाइल, थाइम, लेमन बाम अशा बरण्या तिच्या फळीवर ओळीने लावलेल्या असतात. तिच्या उपकरणात वनस्पती नळीच्याच टोकात भरायची आणि ते टोक हीटरच्या खोबणीत बसवायचं. कॅनडाच्या अरायझर कंपनीची उपकरणं अशा रचनेची असतात. इतर बऱ्याच उपकरणांत वनस्पती धातूच्या किंवा सिरॅमिकच्या कपात राहते आणि काच फक्त तोंडापर्यंत वाफ पोचवते. ‘काका, यातली चांगली कुठली ते एकदाचं सांगून टाका,’ म्हणत तिने टॉवेलात गुंडाळलेल्या नळ्या माझ्या टेबलावर मांडल्या. आखूड सरळ, लांब सरळ, वाकडी, बाजूने खळ्या पाडलेली, आत गोळ्या असलेली, पाण्याच्या भांड्यावर बसणारी, आणि एक ‘शुद्ध क्वार्ट्झ’ असं लिहिलेल्या डबीतली. माझ्याकडे व्यास मोजायचा व्हर्नियर होता, तापमान मोजायचा जुना थर्मोकपल होता आणि निवृत्त माणसाकडे असतो तेवढा वेळ होता.

आधी भोकाचं बघू, कारण लेखात त्यालाच सर्वांत जास्त वजन आहे. अरुंद नळीतून ओढायला जड जातं, रुंद नळीतून हलकं, असं सगळेच म्हणतात. सूत्रही त्यांच्याच बाजूचं वाटतं. जर्मन अभियंता हागेन आणि फ्रेंच डॉक्टर प्वाझय या दोघांनी १८४०च्या सुमारास स्वतंत्रपणे दाखवलं की नळीतल्या शांत प्रवाहाला होणारा अडथळा व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. १० मिलिमीटरचं भोक ८ मिलिमीटरवर आणलं की अडथळा जवळजवळ अडीचपट! पण अडीचपट कशाच्या, हे कुणी विचारत नाही. नळी १० सेंटीमीटर लांब, भोक ८ मिलिमीटर, आणि दहा सेकंदांत एक लिटर हवा ओढली असं धरा. दोन टोकांमधला दाबाचा फरक येतो जेमतेम २ पास्कल (पास्कल हे दाबाचं एकक). पाण्याच्या स्तंभात मोजला तर पाव मिलिमीटरही भरत नाही. ग्लासातलं पाणी स्ट्रॉने वर ओढताना आपण याच्या शेकडो पट जोर लावतो आणि त्याची दखलही घेत नाही. भोक ५ मिलिमीटरचं केलं तरी हा आकडा १४ पास्कलच्या आसपासच राहतो.

मग काही नळ्या ओढायला जड का लागतात? वनस्पती पीठ होईपर्यंत दळून ठासून भरलेली असते म्हणून, आणि तिच्यामागची जाळी चिकटून बुजलेली असते म्हणून. काही नळ्यांत जाळी वेगळी नसते, काचच चिमटून किंवा पाकळ्यांसारखी आत दाबून बारीक फटी ठेवलेल्या असतात. देखणं काम असतं ते, करायलाही मजा येते. पण सगळा अडथळा तिथे बसलेला असतो, आणि त्या फटी बुजल्या की सुई घालून कोरत बसायचं. पुतणीची ‘जड’ नळी मी स्टीलची जाळी बदलून परत दिली. तीच नळी, तेच भोक, ओढ हलकी.

आता थंडपणा. लेखात रुंद नळीला ‘वाफ जास्त थंड करते’ म्हणून गुण मिळाले आहेत. इथे गंमत आहे. अशा नळीतून सावकाश ओढलेली हवा घुसळत जात नाही, थरांथरांनी सरकत जाते. भिंतीजवळचा थर गार होतो आणि मधला गाभा गरमच पुढे जातो. नळी रुंद केली की भिंत वाढते आणि हवा आत जास्त वेळ रेंगाळते हे खरं, पण गाभ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतरही तेवढंच वाढतं. हिशेब केला तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. शांत प्रवाहात थंडपणा ठरतो नळीच्या लांबीवर आणि ओढण्याच्या वेगावर; व्यास समीकरणातून चक्क गळून पडतो. थर्मोकपलनेही तेच दाखवलं. आखूड आणि लांब नळीत फरक स्पष्ट होता. जवळपास सारख्याच लांबीच्या, पण वेगळ्या भोकांच्या नळ्यांत मात्र दखल घ्यावी असं काही हाती लागलं नाही. आणि लांब नळीपेक्षाही जास्त फरक पडला तो पुतणीने दमाने ओढल्यावर. घाईने ओढणाऱ्याला हातभर नळी दिली तरी ओठ पोळणार.

लांबीलाही मर्यादा आहे. पहिले काही सेंटीमीटर सर्वांत जास्त काम करतात, कारण तिथे वाफ आणि काच यांच्या तापमानातला फरक मोठा असतो. पुढच्या प्रत्येक सेंटीमीटरचा फायदा आधीच्यापेक्षा कमी. शिवाय नळी लांब झाली की उपकरण डोक्याकडून जड होतं, टेबलावर ठेवलं की कलंडतं, आणि काचेची नळी वापरात फुटते त्याहून कितीतरी जास्त वेळा कलंडून फुटते.

एक गोष्ट लेखात अजिबात नव्हती, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वाफ थंड झाली म्हणजे त्यातलं काहीतरी भिंतीवर बसलं. नळीच्या आत जो पिवळसर, पुढे तपकिरी होत जाणारा चिकट थर साचतो, तो त्या वनस्पतीतलाच अर्क आहे. कंडेन्सरचं कामच ते. म्हणजे नळी जितकी जास्त गार करणार, तितका सुगंध वाटेतच उतरवून घेणार. घशाला मऊपणा हवा की नाकाला पूर्ण वास हवा, हे ज्याने त्याने ठरवावं; एकाच नळीत दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. लॅव्हेंडरसाठी पुतणी आता आखूड नळीच लावते, कारण त्याला मुळात तापमान कमी लागतं. जर्मनीच्या श्टोर्झ उंड बिकेल कंपनीने व्होल्केनो या उपकरणासाठी दिलेल्या तक्त्यात लॅव्हेंडरला १३० अंश सेल्सिअस, लेमन बामला १४२ आणि कॅमोमाइल, सेज, थाइम यांना १९० अंश असे आकडे आहेत. १३०च्या वाफेला लांब नळीची गरज काय? थाइमला मात्र लांब नळी बरी.

‘पण थाइम कधी कधी फारच भाजतं,’ ती म्हणाली. ते बहुतेक वेळा ओलसर पाल्यामुळे. कोरड्या हवेत उष्णता फार थोडी मावते. एक ग्रॅम हवा १०० अंशांनी गार झाली तर सुमारे १०० ज्यूल सुटतात. पण एक ग्रॅम पाण्याची वाफ नुसती थिजून पाणी झाली तर २२५० ज्यूल सुटतात, आणि ती थिजते नेमकी ओठांवर आणि जिभेवर. नळी बदलण्याआधी बरणीचं झाकण नीट लागतं का ते बघा.

खळ्यांची नळी मला मनापासून आवडली. भिंत बाहेरून तापवून आत दाबलेल्या या खळ्या शोभेच्या वाटतात, पण त्या सरळ जाणारे थर मोडतात आणि मधला गरम गाभा भिंतीकडे ढकलतात. म्हणजे लांबी न वाढवता थोडा थंडपणा मिळतो, आणि ओढही फारशी वाढत नाही. आत गोळ्या असलेली नळी हेच काम जास्त जोरात करते. गोळ्या काचेच्या, क्वार्ट्झच्या किंवा कृत्रिम माणकाच्या असतात. त्यांच्यामुळे वाफेला शिवणारा पृष्ठभाग एकदम वाढतो. पण वर म्हटलं तसं, अर्कही तिथेच अडकतो, आणि मग गोळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा लाडू होतो. त्या काढता येत असतील तर घ्या. कायमच्या आत बंद केलेल्या असतील तर धुताना शिव्या द्याल.

वाकडी नळी दिसायला आणि धरायला सोयीची. वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाऊन पातळ होते आणि आतली दाटते. वाकवता वाकवता हलकं फुंकत राहिलं तर भोक गोल राहतं, नाहीतर चपटं होतं. वळणाचा भाग टोकाकडून डोळा लावून बघितला की कारागिराचा हात कळतो. पुतणीच्या नळीचं वळण चांगलं होतं. तिच्या वळणात अर्क साचतो आणि ब्रश तिथपर्यंत नीट पोचत नाही, एवढीच तिची तक्रार.

काचेच्या जातीकडे येतो. बोरोसिलिकेट, क्वार्ट्झ आणि साधी सोडा-लाइम अशा तीन काचा बाजारात फिरतात. तापल्यावर किती फुगतात हा त्यांच्यातला कामाचा फरक: दर अंशाला दशलक्षात बोरोसिलिकेट ३.३ भाग फुगतं, सोडा-लाइम ९च्या आसपास, क्वार्ट्झ जेमतेम अर्धा. जर्मनीतल्या येना शहरात ओटो शॉट या काच-रसायनतज्ज्ञाने १८८०च्या दशकापासून या बोरॉनच्या काचांवर काम केलं. अमेरिकेत रेल्वेच्या सिग्नलच्या कंदिलांची काच आतून ज्योतीने तापायची आणि वर पाऊस किंवा बर्फ पडला की तडकायची. त्यावर उपाय शोधता शोधता कॉर्निंग कंपनी कमी फुगणाऱ्या काचेपर्यंत आली, आणि १९१५मध्ये तिचं पायरेक्स बाजारात आलं. (आज पायरेक्स नावाने विकलं जाणारं प्रत्येक भांडं बोरोसिलिकेटचंच असतं असं मात्र नाही.) तो कंदील लक्षात ठेवा, पुढे लागेल.

क्वार्ट्झचं कौतुक लेखात बरंच आहे. क्वार्ट्झ उत्तमच, पण कशासाठी? आपण खेळतोय २०० अंशांच्या आसपास, आणि बोरोसिलिकेट मऊ पडतं ८२० अंशांच्या सुमाराला. ज्या उपकरणात टॉर्चची ज्योत थेट काचेवर पडते तिथे क्वार्ट्झ घ्या, जरूर घ्या. विजेच्या हीटरच्या खोबणीत बसणाऱ्या नळीला क्वार्ट्झमुळे चव वेगळी येत नाही आणि वाफही जास्त गार होत नाही. वाफेतून भिंतीपर्यंत उष्णता पोचणं हेच इतकं मंद आहे की पुढे भिंत कशाची आहे याने फरक पडत नाही. धातूची नळी हातात वेगळी वाटते, कारण स्टील काचेपेक्षा दहा-पंधरा पट चांगली उष्णता वाहून नेतं आणि हीटरची आच सरळ ओठांपर्यंत आणतं. काच ती आच तिथल्या तिथे ठेवते. काचेचा मोठा गुण हाच. दुसरा म्हणजे धुतली की तिच्यात कालचा वास राहत नाही.

विकणारा बोरोसिलिकेट म्हणून सोडा-लाइम गळ्यात मारत नाही ना, हे घरी तपासता येतं. औषधाच्या दुकानात मिळणारं ग्लिसरीन एका पारदर्शक ग्लासात घ्या आणि धुतलेली नळी त्यात उभी करा. ग्लिसरीन आणि बोरोसिलिकेट दोघांचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाश किती वाकवतो तो आकडा) सुमारे १.४७ आहे, त्यामुळे बुडलेला भाग जवळजवळ नाहीसा होतो. सोडा-लाइमचा १.५२, ती ठळक दिसत राहते. क्वार्ट्झ १.४६, त्याची फिकट कड उरते. नंतर नळी पाण्याने धुतली की झालं. पुतणीने या प्रयोगाचे इतके फोटो काढले की मूळ प्रश्न बाजूला राहिला.

आता जाडी. ‘जाड काच म्हणजे मजबूत काच’ हे पडण्या-आपटण्याच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं आहे. उष्णतेच्या धक्क्याच्या बाबतीत उलटं. भिंत जाड असली की आतलं आणि बाहेरचं तापमान सारखं व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ एक बाजू दुसरीला ताणत राहते. आणि काच दाबाला भक्कम, ताणाला कच्ची. गरम नळी गार पाण्याखाली धरली की बाहेरची कातडी आक्रसू बघते, आतला गरम भाग तिला आक्रसू देत नाही, आणि तडा बाहेरून आत पळतो. तोच तो रेल्वेचा कंदील. तापताना काच जितकी फुटते त्यापेक्षा एकदम गार करताना जास्त फुटते. जाड भिंतीचा खरा फायदा वेगळाच आहे. १२ मिलिमीटर बाहेरचा व्यास, ८ मिलिमीटर भोक, १० सेंटीमीटर लांब अशी नळी सुमारे १४ ग्रॅमची होते. एक लिटर हवा तिच्यात १०० अंशांनी गार झाली तर ती सरासरी १० अंशांनी तापेल. लागोपाठ ओढत गेलात तर नळी तापत जाते आणि गार करणं थांबतं. जाड नळी हे थोडं लांबवते. नळीला अधूनमधून विसावा दिला तर पातळ नळीही तेच काम करते.

पण नळी टिकणार की नाही हे जाडीपेक्षा कितीतरी जास्त ठरतं ॲनिलिंगवर, म्हणजे घडवलेली काच भट्टीत ठेवून सावकाश गार करण्यावर, आणि त्याबद्दल लेखात एक अक्षर नाही. ज्योतीत काच जोडली, दाबली, वाकवली की तिथला भाग आजूबाजूच्या भागापेक्षा वेगळ्या वेगाने गार होतो आणि ताण आतच गोठतो. नळी दिसायला निर्दोष, पण आतून ओढलेली. हा ताण घालवायला ती भट्टीत साधारण ५६० अंशांवर काही काळ ठेवायची आणि मग ५००च्या खाली येईपर्यंत सावकाश उतरवायची. भट्टी नसेल तर मऊ, पसरट ज्योतीत फिरवून काम भागवतात. ते अर्धवटच होतं. आमच्या वर्कशॉपमध्ये काहीही बाहेर जाण्याआधी पोलॅरिस्कोपखाली, म्हणजे काचेतला ताण दाखवणाऱ्या उपकरणाखाली, जायचं, मग ते कितीही घाईचं असो. घाई करणाऱ्या प्राध्यापकांना तो ताण दाखवला की ते निमूट परत जायचे.

पोलॅरिस्कोप घरी नसतो, पण त्याचे दोन भाग बहुतेकांकडे असतात. एलसीडी स्क्रीनमधून येणारा प्रकाश ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो. संगणकाचा स्क्रीन पूर्ण पांढरा करा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून फिरवा, स्क्रीन काळा पडेल तिथे थांबा. आता नळी स्क्रीन आणि गॉगल यांच्यामध्ये धरून हळूहळू तिरकी फिरवा. चांगली ॲनिल केलेली नळी काळ्यावर काळीच राहते. कडांना थोडी चकाकी येते ती गोलाईमुळे, तिच्याकडे लक्ष देऊ नका. जिथे ताण आहे तिथे काच उजळते. जोडापाशी, खळ्यांभोवती, जाळीच्या पाकळ्यांच्या मुळाशी बघा. पुतणीच्या नळ्यांपैकी सर्वांत रंगीबेरंगी आणि आपल्या लेखात सर्वाधिक गुण मिळालेल्या प्रकारची जी होती, तिच्या जोडाभोवती पांढरं कडं लख्ख उमटलं. ‘अय्या, ही तर रोज वापरते मी,’ ती म्हणाली. ती नळी मी परत दिली नाही. विकणाऱ्याचं नाव इथे लिहिण्यात अर्थ नाही. एका नळीवरून दुकान ठरत नसतं.

रंगांवर माझा राग नाही. निळ्यासाठी कोबाल्ट, काही पिवळ्या-लाल छटांसाठी कॅडमियम, असे धातू काचेत बांधलेले असतात. दोन प्रश्न विचारावेत: रंगीत काच आणि पारदर्शक काच सारख्याच फुगणाऱ्या आहेत का, आणि रंग बाहेरच्या अंगाला आहे की वाफेच्या वाटेत. वाफेच्या वाटेत स्वच्छ बिनरंगी काचच असावी असं माझं मत आहे. अर्क किती साचला हेही बिनरंगी काचेतच दिसतं.

राहिली टोकं. विकत घेताना मी आधी तीच बघतो. काच कापल्यावर कडेला सूक्ष्म चिरा राहतात आणि प्रत्येक तडा कुठल्या तरी चिरेतूनच सुरू होतो. टोक ज्योतीत धरून कड वितळू दिली की चिरा मिटतात आणि कड ओठाला मऊ लागते. नखाने कड चाचपा. खरखरली तर नळी ठेवून द्या. हीटरकडचं टोक तर रोज तापणारं, घासणारं. तिथे कापून नुसती घासलेली कड म्हणजे फुटण्याला आमंत्रण. व्यासही मोजा. दोन दशांश मिलिमीटर जास्त असेल तर नळी खोबणीत अडकते, कमी असेल तर बाजूने गार हवा शिरते आणि लोक म्हणतात हीटर बिघडला.

पाण्याच्या भांड्यावर बसणाऱ्या नळीचं टोक घासून दुधी केलेलं असतं. ‘१४’ आणि ‘१८’ हे आकडे प्रयोगशाळेतल्या जॉइंटवरून, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या घासलेल्या निमुळत्या टोकांवरून, आले आहेत: रुंद बाजूला अनुक्रमे १४.५ आणि १८.८ मिलिमीटर व्यास, आणि दर १० मिलिमीटरला व्यासात १ मिलिमीटर उतार. उतार सगळीकडे सारखाच असल्याने १४ आकाराचा आखूड जॉइंटही १४च्या लांब तोंडात बसतो. डगडगला तर घासकाम वाईट. पाण्यातून गेलेली वाफ खरंच गार होते, कारण बुडबुड्यांत सगळी हवा पाण्याला शिवते. पण ती ओली होते, आणि काही सुगंध पाण्यातच राहतो. पुतणीला ते आवडलं नाही, मला आवडलं. जॉइंट अर्काने चिकटला तर जोर लावू नका. कोमट करा आणि हलक्या हाताने पिळा. व्हॅक्यूमचं ग्रीस तिथे लावायचं नाही, ते वाफेबरोबर पोटात आणि छातीत जाईल.

धुण्याबद्दल थोडक्यात. नळी पूर्ण गार होऊ द्या, जाळी काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा, मग गरम पाण्याने धुऊन खडखडीत वाळवा. ‘पूर्ण गार’ आणि ‘खडखडीत’ हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. या अल्कोहोलची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते. गरम नळी त्यात टाकणं किंवा ओली नळी हीटरवर चढवणं, दोन्ही जिवावरचं. तारेच्या ब्रशने आतून घासू नका, तुम्हीच चिरा पाडाल.

मी काचेचा माणूस आहे, वैद्य नाही. जळलेल्या धुरापेक्षा न जळलेली वाफ बरी म्हणून ती निरुपद्रवी होत नाही. दमा असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, आणि सुगंधी तेलाचे थेंब तर या उपकरणात कुणीच टाकू नयेत. हीच उपकरणं कायद्याने बंदी असलेल्या वनस्पतींसाठीही वापरली जातात, ते वेगळं प्रकरण आहे. त्यावर बोलायला दुसरे लोक आहेत.

संपादक महोदय, एक विनंती. पुन्हा अशी तुलना छापाल तेव्हा प्रत्येक नळीचा एक फोटो असा ध्रुवित प्रकाशातला छापा, आणि भट्टीत ॲनिल केली आहे का हे विकणाऱ्याला विचारून त्याचं उत्तर शेजारी द्या. गुणांच्या ताऱ्यांपेक्षा वाचकांना ते जास्त उपयोगी पडेल. पुतणीने दोन नळ्या ठेवल्या: खळ्यांची मध्यम लांबीची, आणि लॅव्हेंडरसाठी साधी आखूड. क्वार्ट्झची तिने मैत्रिणीला दिली. डबी सुंदर होती म्हणून डबी मात्र ठेवली.

आपला,
एक निवृत्त ग्लासब्लोअर

ता. क. तडा गेलेली नळी गोंदाने चिकटवून हीटरमध्ये घालू नये. लहान तडा ग्लासब्लोअर ज्योतीत बुजवू शकतो, पण त्याच्याकडे नेण्याआधी ती आतून स्वच्छ धुवा. आत अर्क राहिला तर ज्योतीत त्याचा कोळसा होऊन जोडात अडकतो, आणि मग तो कुठल्याही अल्कोहोलने निघत नाही. शिवाय आम्हाला तो वास दिवसभर पुरतो.